सूर्यभान तात्या आणि माझे चार दगड

सूर्यभान तात्याला लोक हसायचे. मी तर सगळ्यांच्या पुढं! पंचवीस वर्सं मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून पुणतांब्याच्या डेअरीवर जानारा हा मानूस. समोरून साधी सायकल आली तरी डिपर मारायचा. पोरं टिंगल करायची, पन हेल्मेट कधी सोडलं न्हाई. "गोरक्ष, ट्रॉलीला मागं रेडियम लाव रं," म्हनून माझ्या कानीकपाळी ओरडायचा. मी म्हनायचो, "तात्या, एवढा ऊस काय दिसत न्हाई व्हय लोकांना?"

मी उसाचा ट्रॅक्टर चालवतो. गेल्या डिसेंबरात, दिवेलागनीला, मळ्याच्या फाट्यावर ट्रॉलीचं टायर फुटलं. आमची रीतच हाय, गाडी बंद पडली की मागं रस्त्यावर मोठाले दगड मांडायचे. मांडले चार. तेवढ्यात तात्या डेअरीकडं गेला, जाता जाता हात केला त्यानं. टायर बदललं, कारखान्यावर रांगेतला नंबर जाईल म्हनून घाईघाईत ट्रॅक्टर काढला. दगड तसेच ऱ्हायले. अहो, कोन उचलतं? आमच्यातलं कुनीच उचलत न्हाई.

तासाभरानं तात्या परत निघाला. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला आन् गाडी त्याच दगडांवर आदळली. हेल्मेटमुळं डोकं वाचलं. उजवा पाय मातर गुडघ्याखाली कापावा लागला.

गावात एकच चर्चा, कुन्या नालायकानं दगड ठेवले? मीबी पारावर बसून त्याला शिव्या घातल्या. माझ्याच तोंडानं मला! लाज वाटते आता सांगताना. दोन महिने घास गोड लागला न्हाई. शेवटी बायको म्हनली, "कुढत काय बसलाय? जाऊन सांगा, न्हाईतर मी सांगते."

गेलो. तात्या ओट्यावर बसला हुता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

"तात्या, दगड माझे हुते," एवढंच बोललो आन् रडायलाच लागलो.

"ठावं हाय की. जाताना बघितलं न्हाई का तुला?"

"मग कुनाला सांगितलं का न्हाई?"

तात्यानं भिंतीची कुबडी हाताशी वढली. कुबडी फेकून मारली असती तरी बरं वाटलं असतं मला.

"काय सांगू, गोरक्ष? येताना लांबनं बघितलं, तुझा ट्रॅक्टर नव्हता. म्हनलं, आपला गोरक्ष गेला, म्हंजी दगडबी उचलले असतील."