मौनात आवळलेला जबडा

श्रीतुळजाभवानीच्या चरणी मस्तक ठेवून, यंदाचे शारदीय नवरात्र उठल्यावर हे लिहावयास बसलो आहे.

नवरात्राआधी देवी मंचकी, म्हणजे पलंगावर, निद्रेला गेली की तुळजापुरातील आमच्या घरी गाद्या उचलल्या जातात, सारे भुईवर निजतात आणि मी मौन धरतो. यंदा त्या मौनातच उजव्या कानापुढे ठणका सुरू झाला. तोंड उघडेना. घटस्थापनेपासूनचा देवीचा पाठ आमच्या घरी माझ्याच मुखाने होत आला आहे. तो खंडित होणार, ही धास्ती बसली.

"झोपेत दात खाता तुम्ही," पत्नी म्हणाली. "जातं ओढल्यासारखं ऐकू येतं. आम्ही झोपायचं कुठं?"

मौन सोडून गावातल्या दंतवैद्य तरुणीकडे गेलो. झिजलेल्या दाढा पाहून ती म्हणाली, "गुरुजी, जरा गप्प बसा." मी बसलो. तिने माझ्या गालांवर बोटे टेकवली. "बघा, तुम्ही गप्प, पण जबडा भांडतोय. कुणाशी?"

मौनाच्या दिवसांत माझा मुलगा शेजारी बसून पाठ घोकत असे, आणि त्याचा प्रत्येक चुकलेला उच्चार मी दातांखाली दाबून धरीत असे.

"गप्प असताना ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला," ती म्हणाली. "ऊन शेक घ्या. संध्याकाळी चहा नको. रात्री दातांवर चढवायला साच्यावरून पट्टी करून देते. तिनं दाढा वाचतील, आवळणं मात्र तुम्हालाच सोडावं लागेल. आणि इतक्यात पाठ नाही."

घटस्थापनेला आसन मुलाला दिले. तो बसेना. "बाबा, तुमच्यासमोर मला जमायचं नाही."

"ते शेजारी बसून दात खाणार, मग तो काय वाचणार!" पत्नी आतून म्हणाली.

तरीही तो बसला. पहिल्याच अध्यायात अडखळला. माझे दात खटकन भिडले, कानापर्यंत कळ गेली. तो आवाज त्यानेही ऐकला. वाचन थांबले, पोथीवरचे बोट त्याने उचलले. तो उठला असता तर पाठ तेथेच मोडला असता. मी जीभ टाळूला लावली, दात विलग केले आणि हाताने खूण केली : मागे जा, पुन्हा म्हण.

तो मागे गेला. पुढेही चुकला. दर वेळी जबडा आवळू पाहे; दर वेळी मी तो सोडवीत राहिलो. पाठ पूर्ण झाला तेव्हा आम्हा दोघांचे सदरे घामाने भिजले होते.

ठणका अजून आहे, पट्टीही लावतो. नवमीपर्यंत आसनावर मुलगाच बसला.

वाचकहो, जगदंबा आपणांस व आपल्या कुटुंबीयांस निरामय देह आणि शांत निद्रा देवो. आपल्या घरी कोणाचाही शब्द कोणाच्या भयाने अडू नये.