पाठीखालचा हात

मागे कमान टाकून हात टेकायला गेले आणि बीमचे लाकूड सापडले नाही. खांदा आधी आदळला, मग डोके. वर्ध्याच्या जिल्हा स्पर्धेच्या मंडपात सगळे उठून उभे राहिले. मी डोळे उघडले तेव्हा देविदास ढोबळे सर शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी मान तपासली, बोटे हलवायला लावली. मग म्हणाले, "उठ माय. पाणी पी. दुसऱ्या पोरीले जागा दे."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात पहिल्या ओळखीविषयी लिहावे, असे समितीने सुचवले आहे. ओळख तशी आधीची. हिंगणघाटच्या आमच्या शाळेत ते पीटी शिकवत आणि संध्याकाळी कापसाच्या एका रिकाम्या गोदामात मुलींना जिम्नॅस्टिक्स. पण मी सरांना ओळखू लागले ती या पडण्यापासून.

गोदामात बीम होता, म्हणजे वीतभरही रुंद नसलेली, छातीइतकी उंच तुळई. ती गावच्या सुताराने सागाची करून दिली होती. खालच्या गाद्यांत जिनिंगमधला टाकाऊ कापूस. सर्व वस्त्यांतल्या मुली येत आणि पाण्याचा माठ एकच असे. एका पालकांनी आपल्या मुलीपुरता वेगळा माठ आणून ठेवला. सरांनी त्यांचे आभार मानले आणि त्या माठात हाताला लावायची खडूची पूड भरली. तेव्हापासून सगळ्यांचे हात त्याही माठात जात.

मी पडल्यावर आई म्हणाली, आता बस. सर घरी आले ते पत्नीला, आमच्या काकूंना, घेऊन. काकू आईजवळ बसून तांदूळ निवडू लागल्या. सर बाबांना म्हणाले, "पडली ते माह्या शिकवण्यानं. मान मोडली नाई, ते बी माह्याच शिकवण्यानं."

बाबा हसले, पण अट घातली. "नागपूरच्या स्पर्धेत घेतली तं ठीक. नाई तं दहावीचा अभ्यास. मंग गोदाम बंद."

खांदा बरा झाला. बीमवरची मागची कमान मात्र गेली ती गेलीच. जमिनीवर ती येई, बाकावर येई. बीमवर हात वर केले की पाठ ताठ होई आणि मी तशीच उभी राही. कमान नसेल तर नागपूर नव्हते.

"झोपाळा बांधून देऊ का तुले तिथं?" खालून विमल विचारायची. ती माझ्याच वर्गातली, आमच्यात सर्वांत चांगली.

एकदा सरांनी विचारले, "काऊन थांबली?"

"मागचं दिसत नाई सर."

"कोणालेच दिसत नाई. उतर. उद्यापासून चढू नको. लहान्या पोरीले आधार देत जाजो."

मला वाटले, आपला विषय संपला. घरी काही सांगितले नाही. रोज जाऊन लहान मुलींच्या पाठीखाली हात धरून उभी राहू लागले.

घाबरलेली पाठ हाताला कळते. ती मध्येच थांबते, आणि थांबली की जड होते. जी पुरती मागे जाते तिचे ओझे हाताला लागत नाही. हे सरांनी कधी सांगितले नव्हते.

छबी सर्वांत लहान. ती दर वेळी विचारायची, "ताई, पकडशीन न?"

"पकडतो म्हणलं न."

एका संध्याकाळी छबी पुरती मागे गेली आणि माझा हात नुसताच हवेत राहिला. ती उतरल्यावर मी न विचारता बीमवर चढले. सर येऊन बाजूला उभे राहिले.

"सर, पकडसान न?"

"पकडतो म्हणलं न," सर म्हणाले. ते सगळे ऐकत असत, हे तेव्हा कळले. मी मागे गेले. त्यांचा हात पाठीला लागला की नाही, हे आजही सांगता येणार नाही.

सरांनी मला नागपूरच्या स्पर्धेत घेतले. तिथे मी पुन्हा पडले. कमानीत नव्हे, साध्या गिरकीत. उठले, चढले आणि मग कमान टाकली. हातांना लाकूड सापडले. विमल पहिली आली. मी कुठेच नव्हते. परतीच्या एसटीत सरांनी चिवड्याची पुडी पुढे केली. "पडून बी वर गेली," एवढेच म्हणाले आणि खिडकीला डोके टेकून झोपले.

त्यानंतर मी अनेक चांगले शिक्षक पाहिले. मुलीची भीती तिच्याच हाताला ओळखू देणारे सर एकच. आता त्यांचे गुडघे कुरकुरतात, तरी गोदामाचे कुलूप ते स्वतःच उघडतात. त्यांना निरोगी, लांब आयुष्य मिळो आणि ते कुलूप पुष्कळ वर्षे त्यांच्याच हाती राहो, एवढे आम्हा सर्वजणींचे मागणे आहे.

नागपूरहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम उघडे होते. आम्ही गाद्या उन्हात टाकल्या, झटकल्या, पुन्हा आत आणल्या. सरांनी छबीला बीमवर चढवले आणि मला म्हणाले, "तू तिकून उभी राय." मी उभी राहिले.