डाव्या पंखाची शिवण

माझा नवरा विमान उडवतो असं लिंबायतच्या आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग पगार विचारतात. पगार नाही, हौस आहे म्हटलं, की माझ्याकडे दयेनं बघतात. पहिली काही वर्षं मीसुद्धा स्वतःकडे तशीच बघत होते. विमान म्हणजे तरी काय, तर रिक्षासारखी तीन चाकं, एकामागे एक दोन माणसांना बसायची जागा, पाठीला इंजिन आणि पंखा, आणि डोक्यावर नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड. दार नाही, काच नाही. त्याला ट्राइक म्हणतात. आपली रिक्षा निदान जमिनीवर असते.

हे पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर आहेत. ट्राइक यांचा नाही. बारडोलीकडच्या एका गुजराती काकांचा आहे. काकांची उसाची शेती आहे. त्यांनी हौसेनं यंत्र घेतलं, शेताला लागून गवताची धावपट्टी केली, सगळ्या परवानग्या काढल्या. एकदा इंजिन रुसलं तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं यांना बोलावणं आलं. एका रविवारी दुरुस्तीला गेलेला माणूस मग दर रविवारी जायला लागला. काकांचे गुडघे धरले तेव्हा ते यांना म्हणाले, आता तूच शीक. हे शिकले, डॉक्टरी तपासणी झाली, लायसन्स आलं. तोवर मी भांडून घेतलं, अबोला धरून पाहिला, आणि कशाचाच उपयोग होत नाही हे दिसल्यावर एकच अट घातली, की मला त्यात बसायला कधी म्हणायचं नाही. घरातला पंखा पुसायला स्टुलावर चढले तरी माझे पाय लटपटतात. यांनी अट लगेच मान्य केली. इतकी लगेच, की मला जरा रागच आला.

तरी मी जायला लागले. सुट्टीच्या दिवशी घरी एकटीनं बसून काळजी करायची, त्यापेक्षा तिथं जाऊन करावी, इतकाच विचार. पहाटे मोटरसायकलवर मागे बसायचं, मांडीवर चहाचा थर्मास. सकाळची हवा शांत असते, ऊन चढलं की ती उसळायला लागते, म्हणून सगळं लवकर उरकावं लागतं. हे इंजिनाभोवती फिरत. एकेक नट हातानं चाचपायचा, तारा बघायच्या, पेट्रोल गाळून घ्यायचं. बारीक नळ्यांमध्ये कुंभारमाशी मातीचं घर करते, ते टाचणीनं काढायचं. घरात गळका नळ सहा महिने गळतो, पण तिथं एक थेंब ऑइल दिसलं तर माणूस कासावीस होतो.

एकदा सहज म्हणून मी पंखाच्या कापडाला हात लावला. मी ग्रे कापड, म्हणजे रंगवायच्या आधीचं कोरं कापड तपासते. आमच्या खात्यात मागावरून उतरलेला ताका माझ्याकडे येतो. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावरून मी तो पुढे ओढत जाते आणि नजरेला, हाताला जे लागेल ते पकडते. तुटलेला धागा, जाळी, तेलाचा डाग, सगळं. हे काम करत माझे केस पांढरे झाले. पंखाच्या कापडावर मी पालथा हात फिरवला आणि यांना म्हटलं, इथं कापड खडबडीत झालंय, काहीतरी घासतंय. यांनी वाकून पाहिलं. कापडाला आकार द्यायला आत काठ्या असतात, त्यातली एक सरकून घासत होती. त्या दिवसापासून पंख माझ्याकडे आला. उडण्याआधी मी कापड आणि शिवणी बघायच्या, पंख सूर्याकडे कलता करून, पालथ्या हातानं. शेवटी हे विचारत, "पास?" मी म्हणायचे, "पास." मगच हे हेल्मेट घालत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी कुठल्या गोष्टीत माझ्या होकारासाठी असं थांबलेलं मला आठवत नव्हतं.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. ताक्यात फॉल्ट दिसला की त्या जागी किनारीला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं. पण दोरा बांधला म्हणजे ताका बाद झाला असं नाही. आमच्याकडे अख्ख्या ताक्यात चार फॉल्टपर्यंत माफ. तो फ्रेशच धरायचा. पाचवा निघाला तर सेकंड. त्यामुळे माझा हात फॉल्ट शोधतो आणि डोकं आपोआप मोजत राहतं. एक म्हणजे काहीच नाही.

त्या रविवारी थंडी होती. आजूबाजूला ऊसतोड चालू होती, तोडीआधी शेतं पेटवतात त्याची काळी राख पंखावर पडली होती. मी फडक्यानं पुसत पुसत डाव्या टोकाकडे गेले. मागच्या कडेला एक काळा ठिपका होता, तो अंगठ्यानं पुसला. गेला नाही. वाकून पाहिलं तर ती राख नव्हती. शिवणीचे तीन टाके उसवून त्यांची टोकं वर आली होती आणि त्यात धूळ बसली होती. माझ्या नखाएवढी जागा. धुकं म्हणून आधीचे दोन रविवार फुकट गेले होते आणि हे सकाळपासून शीळ घालत होते. मला घरी जाऊन दोन बादल्या कपडे धुवायचे होते. डोक्यानं मोजलं, एक. बाकी पंख स्वच्छ होता.

"पास?"

"पास," मी म्हटलं.

हे गेले. गवतावरून धडधडत निघाले, पट्टीच्या निम्म्यात उचलले गेले आणि ऊस ओलांडून वर चढले. मी थर्मास उघडला, काकांना चहा दिला, स्वतःला ओतला. पहिला घोट घेतला आणि मला ते टाके पुन्हा दिसले. ताक्यातला फॉल्ट कुठं जातो? कुणाच्या तरी साडीत, निऱ्यांमध्ये, नाहीतर कापणाऱ्याच्या कात्रीखाली. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून तर तो माफ असतो. इथं निऱ्या कुठं होत्या? या एका कापडाखाली माझा नवरा बसला होता.  मी कप खाली ठेवला.

काकांजवळ यांच्याशी बोलायचा रेडिओ असतो. मी काकांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, बोलवा त्यांना खाली. काकांनी विचारलं, किती मोठं? मी नख दाखवलं. ते मग म्हणाले, "बेन, हमणां नहीं. नीचे आवे पछी कहेजो." खाली आल्यावरच सांगायचं; वर एकट्या माणसाला पंख उसवलाय म्हणून सांगितलं तर तो घाबरेल, वळण घाईनं घेईल, आणि त्या घाईतच काहीतरी व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं आणि पटूनही राहवेना. मी पट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिले. वीस-पंचवीस मिनिटं मी फक्त डावं टोक बघितलं. एवढ्या उंचीवर नखाएवढी जागा दिसत नाही हे मला कळत होतं, तरी बघत राहिले. भीती मला आयुष्यभर वाटतच आली आहे, पण ही वेगळी होती. ही मी स्वतःच्या तोंडानं आणली होती.

हे उतरले, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. चेहरा खुललेला होता. मी पर्समधली कामाची रीळ काढली, लाल दोरा तोडला आणि त्या टाक्यांजवळ काठी अडकवायची दोरी असते, तिला बांधला. यांना त्या दोऱ्याचा अर्थ माहीत आहे. घरी माझ्या पदराला चिकटून असे तुकडे कायम येतात.

यांनी वाकून बघितलं. घरी आम्ही अहिराणी बोलतो, बाहेर सहसा नाही. पण तिथंच हळू आवाजात म्हणाले, "उडाना पहिलेच दिसनं व्हतं का तुले?"

"दिसनं व्हतं," मी म्हटलं.

हे रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. यांनी शेडमधून आकडीची सुई आणि ताणकाटा आणला. टाक्यात सुई अडकवून काट्यानं ठराविक जोरापर्यंत ओढायचं आणि शिवण धरते का बघायचं, अशी ती परीक्षा. त्या तीन टाक्यांच्या शेजारचा टाका ओढला, तो निम्म्या जोरातच तुटला. त्याच्या पलीकडचाही. वीतभर शिवण अशीच निघाली. उन्हानं दोरा आतून कुजला होता. मला जे दिसलं होतं ते फक्त त्याचं तोंड होतं.

आम्ही घरी आलो. कपडे तसेच पडून राहिले. चार दिवसांनी जेवताना यांनी ताटाकडे बघत सांगितलं, की ती ताणकाट्याची परीक्षा दिवाळीआधीच करायची होती. यंत्राच्या पुस्तकात तसं लिहिलं आहे. पण तू बघतेसच, म्हणून मी ढकलत राहिलो, म्हणाले. मी वाढता वाढता थांबले. म्हणजे मी यांच्या पुस्तकावर निर्धास्त आणि हे माझ्या हातावर. एवढं बोलून यांनी आणखी एक भाकरी मागितली, आणि मला एकदम रडू आलं.

पंख उतरवून बाहेरगावी, ज्यांचं ते कामच आहे त्यांच्याकडे पाठवला. सगळ्या शिवणी नव्यानं घालून तो परत आला तेव्हा थंडी सरली होती. यांनी पंख चढवला, ताणकाट्यानं एकेक शिवण ओढून वहीत लिहिली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी दोन तास लावले. उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे. डोक्याला बजावलं होतं, मोजायचं नाही.

"पास?" यांनी विचारलं.

मी वळून काकांना म्हटलं, तुमचं हेल्मेट द्या. काकांनी ते पुढे केलं. हे काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "मी बी बठसू." यापुढे मी पास केलेल्या कापडाखाली मीही बसणार, हे मी पंख परत येईपर्यंत ठरवून टाकलं होतं. यांनी पट्टे आवळून दिले, दोनदा ओढून पाहिले. यांचे हात थंडगार होते.

वरून उसाची शेतं फार सुंदर दिसतात म्हणे. साखर कारखान्याची चिमणी दिसते, हवा स्वच्छ असली तर दूरवर तापी चमकते. मला विचारू नका. जमीन सुटली तेव्हा मी यांचं जाकीट दोन्ही मुठींत धरलं होतं, पण डोळे मिटले नाहीत. मी मान वळवून डाव्या पंखाची मागची कड बघत होते. टाका न् टाका.

थोड्या वेळानं हेल्मेटमधल्या इअरफोनमध्ये यांचा आवाज आला, "पास?"

"खाले उतरू," मी म्हटलं, "मंग सांगसू."