भिवाजीची चार बोटं

भिवाजीला सगळ्यात जास्त हसलो तो मी, कुशाबा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझं नाव काढायला नको.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. आमच्या भरे गावात कळपातून फुटलेला एक एकटा रानडुक्कर माजला होता. आंबेमोहोर दाणा धरायला लागला की तो डोंगरावरून उतरायचा आणि खाचरंच्या खाचरं लोळवून जायचा. त्यात त्यानं धोंडाबाईची मांडी फाडली. तेव्हा कुठं पौडच्या कचेरीला जाग आली आणि पीकराखणीसाठी गावात एका रायफलीचा परवाना मिळाला. तो भिवाजीच्या नावानं. पलटणीतून नाईक होऊन आलेला माणूस, नेमबाजीचा बिल्ला मिळवलेला. दुसरं होतं कोण?

आणि हा पठ्ठ्या चार वेळा चुकला. डुक्कर काही तीनशे पावलांच्या आत येऊ देत नव्हता, आणि चारही वेळा धूळ उडाली ती त्याच्या पोटाखाली.

पारावर मी म्हणालो, "नाईक, पलटणीत काय उंदरं मारत व्हता?" सगळे खो खो हसले. भिवाजी उठून घरी गेला. त्याची बायको साळूबाई माझ्या घरी सांगत होती, की त्यानं बिल्ला डब्यात घालून ठेवलाय आणि दोन दिवस नीट जेवला नाही. ते ऐकूनही मी गप्प बसलो नाही. जिभेला हाड नव्हतं माझ्या.

पोलीस पाटील हैबतरावानं तर चारचौघांत बजावलं, "दिवाळीपातूर डुक्कर पडला न्हाई, तर मी कचेरीत अर्ज देतो. परवाना माज्या नावावर घेतो." हैबतरावाला ना भाताची काळजी ना धोंडाबाईची. त्याला रायफल खांद्याला लावून मिरवायचं होतं. पण भिवाजीचा परवाना जाणं म्हणजे वीस वर्षांची पलटण पाण्यात जाणं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

वर डोंगरउताराच्या वरकस जमिनीत म्हसू धनगराची बायको बयाबाई नाचणी राखत असायची. हातात गोफण आणि तोंड तिखट. भिवाजीचे चारही बार तिनं वरून बघितले होते. एका दुपारी तो बांधावर डोकं धरून बसला होता, तर ही खाली आली आणि दोन दगड त्याच्यापुढं टाकले.

"नाईक, ह्यो नदीतला गोटा, ह्यो डोंगरातला धोंडा. धोंडा जड. गोट्याच्या मापानं सोडला तर पाखराच्या अलीकडंच पडतो. मंग मी हात वर धरून सोडते. तुमची बंदूक बदलली, पर हात जुनाच हाय."

भिवाजी नंतर मला म्हणाला, "आदी राग आला. म्हनलं, ही मला नेम शिकवनार? मंग डोकं ठिकाणावर आलं."

कारण बाई बोलली ते खरं होतं. पलटणीतली थ्री-नॉट-थ्री सरकार रयतेला देत नाही. आम्हाला मिळते ती तीनशे पंधरा बोअरची. तिची गोळी जाड, जड आणि चालीला मंद. भिवाजीच्या डोळ्यात आणि बोटात मात्र थ्री-नॉट-थ्री मुरलेली. गोळी म्हणजे गोळी, असं धरून तो चालला होता.

त्याच्यापाशी सात काडतुसं उरली होती. त्यानं बांधाला ओली घोंगडी टांगली, मधोमध चुन्याचा ठिपका दिला. मी गेलो होतो मजा बघायला. त्यानं मलाच मापं घ्यायला लावली. शंभर पावलांवरून दोन बार, दोन्ही ठिपक्यात. दोनशेवरून दोन, वीतभर खाली. तीनशेवरून दोन, हातभर खाली, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. वीत माझी आणि हातही माझाच.

"थ्री-नॉट-थ्री तीनशे पावलांवर चार बोटं खाली येते," तो म्हणाला. "ही येते हातभर. कुशाबा, मी त्या डुकराला अजून पलटणीतलीच चार बोटं देत व्हतो." आणि कितीतरी दिवसांनी तो हसला. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं बांधापासून अंतर कळावं म्हणून दर शंभर पावलांवर एक धोंडा ठेवून त्याला चुना फासला. हैबतराव म्हणाला, "धोंडे रंगवून डुक्कर मरतो व्हय?" कोणी हसलं नाही, कारण हसायची सुरुवात नेहमी मी करायचो आणि मी तोंड मिटून उभा होतो.

दिवाळीच्या आदल्या सकाळी, चांगलं उजाडल्यावर, डुक्कर निघाला. अर्धं गाव बांधावर होतं. हैबतराव अर्ज खिशात घालूनच आलेला. काडतूस एकच उरलेलं. डुक्कर तिसऱ्या पांढऱ्या धोंड्यापाशी आडवा उभा राहिला. भिवाजी पालथा पडला आणि त्यानं बंदुकीच्या नळीवरची नेमाची माशी डुकराच्या पाठीच्याही वर नेली.

"आभाळात मारतोय ह्यो," हैबतराव पुटपुटला.

"गप ऱ्हा," मी म्हणालो. पाटलाला असं बोललो मी.

बार झाला. डुक्कर पुढच्या पायांवर बसला, कलला आणि पडला. मग जी आरोळी उठली ती पिरंगुटापर्यंत गेली असेल. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

आमच्याकडं शिकारीचं मुंडकं मारणाऱ्याचं असतं. भिवाजीनं घरी जाऊन डब्यातला बिल्ला छातीला लावला, मुंडकं डोक्यावर घेतलं आणि हलगी लावून वर निघाला, नाचणीच्या शेताकडं. जाताना रायफल हैबतरावाच्या हातात दिली, म्हणाला, "पाटील, जरा धरा." रिकामी रायफल खांद्याला लावून पाटील मागं मागं चालला. मिरवायला मिळालं एकदाचं.

बयाबाई राखणीच्या माळ्यावरून उतरलीसुद्धा नाही. भिवाजीनं मुंडकं खाली ठेवलं, टाचा जुळवल्या आणि तिला पलटणीतला कडक सलाम ठोकला.

"मुंडकं नेम धरनाऱ्याचं," तो म्हणाला. "नेम तुजा."

तिनं गोफणीत दगड भरता भरता त्याच्याकडं बघितलं.

"ठिवा तितं," ती म्हणाली. "आन म्होरल्या खेपंला चार बार फुकट घालवायच्या आदी इचारत जावा."