दिवेलागणीचं दार

आमच्या नव्या घराचा सायरन पहिल्यांदा वाजला तो आईमुळे. नंतरही बरेच दिवस तो आईमुळेच वाजत राहिला.

लोणावळ्याजवळ कुसगावात, गावातली घरं संपून शनिवार-रविवारचे बंगले सुरू होतात, तिथे आम्ही घर बांधलं. आमच्या ओळीत बारा महिने राहणारे आम्हीच. बाकीच्या बंगल्यांना सोमवारपासून कुलूप. बाबांची नोकरी रत्नागिरीकडच्या एका साइटवर, ते पंधरवड्याने येतात. म्हणजे घरात आई आणि मी. मी वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून पुण्यातल्या ऑफिसचं काम करते आणि आई खाली असते.

घर बांधणाऱ्यानेच एक साधा अलार्म बसवून दिला होता. पुढच्या आणि मागच्या दाराच्या चौकटीवर पांढरी डबी, आणि दाराच्या फळीवर तिला चिकटून येणारं छोटं चुंबक. दार उघडलं की चुंबक डबीपासून दूर जातं आणि गच्चीवरचा सायरन बोंबलतो. जिन्याखालच्या पॅनेलवर हिरवा दिवा असला म्हणजे दारं बंद आहेत. दार उघडायच्या आधी रिमोटचं बटण दाबायचं, एवढंच काम.

आई दिवसभर ते नीट करायची आणि संध्याकाळी विसरायची. दिवेलागणीला मागचं दार लावायचं, पुढचं सताड उघडायचं आणि मग देवापाशी दिवा लावायचा, हे तिच्या हाताला लहानपणापासून बसलेलं. लक्ष्मी पुढच्या दाराने येते आणि मागच्याने निघून जाते, म्हणून. तळेगावच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दारासमोर लिफ्ट होती, तरी ती दार उघडायची. तिथे कुणाला त्याचा त्रास नव्हता. इथे रोज त्याच वेळी सायरन वाजू लागला.

आमच्या मागच्या शेतातल्या मावशी संध्याकाळी दूध घालायला येत. एकदा त्या पायरीवरच थांबल्या.

"काय वो, तुमचा भोंगा रोज आरती म्हनतोय व्हय? आमची म्हस पान्हा सोडंना."

"चुकून वाजतो हो," आई म्हणाली.

"पयल्या दिशी आमची गडीमान्सं काठ्या घिऊन पळत आलती. आता कुनी ताटावरनं उठत बी न्हाई."

त्या हसल्या, आईही हसली. मला हसू आलं नाही. त्या ओळीत आमच्यासाठी धावून येणारं दुसरं कुणी नव्हतं.

"उद्यापासून नाही वाजणार," आई म्हणाली. आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून सायरन वाजायचा थांबला. मला वाटलं, तिला रिमोटची सवय झाली. येता-जाता मी पॅनेलकडे बघायचे. दिवा हिरवा असायचा.

श्रावण सरता सरता ओळीतल्या शेवटच्या बंगल्याची काच फुटली. आतला टीव्ही आणि गॅस सिलिंडर गेला. बाबांनी फोनवर आधी आमच्या दोन्ही दारांची चौकशी केली. मग म्हणाले, "तुम्ही दोघीच आहात. मला इथून काही करता येत नाही. पुढे असं काही आपल्याकडे झालं, तर घराला कुलूप लावून सरळ तळेगावला जायचं."

आईने फोन माझ्या हातात दिला आणि भांडी आवरायला लागली. हे घर तिचं होतं. ओट्याची उंची, देवघराचा कोनाडा, पुढची पायरी किती रुंद हवी, सगळं तिने उन्हात उभं राहून करून घेतलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात धुकं उतरलं. दुपारी चारलाच दिवे लावावे लागत. एका संध्याकाळी माझी मीटिंग लवकर संपली. हेडफोन काढून चहासाठी खाली येताना अर्ध्या जिन्यात मला गार वारा लागला. उदबत्तीचा वास येत होता आणि आईचं पुटपुटणं ऐकू येत होतं. ती देवघराकडे तोंड करून, म्हणजे घराकडे पाठ करून बसली होती. पुढचं दार सताड उघडं होतं आणि पॅनेलवरचा दिवा हिरवा होता.

मग मला लादीवर बुटांचे ओले ठसे दिसले. आमच्या घरात कुणी बूट घालून आत येत नाही. ठसे दारातून आले होते, सोफ्याला वळसा घालून आई-बाबांच्या खोलीकडे गेले होते. परत आलेले ठसे नव्हते.

खोलीतून कपाटाच्या दाराची किरकिर ऐकू आली. नवीन कपाट होतं, बिजागरी अजून बसली नव्हती. त्या आवाजावर आम्ही दोघी रोज कुरकुर करायचो, म्हणून तो मला लगेच ओळखू आला.

ओरडायला हवं होतं. मला ओरडता येत नाही. रिक्षा थांबवायची असली तरी मी हात करून उभी राहते, हाक मारत नाही. तोंड उघडलं आणि शाळेत घोटून घेतलेलं तेवढंच बाहेर आलं.

"एक्सक्यूज मी."

किरकिर थांबली. रेनकोट घातलेला एक माणूस खोलीच्या दारात आला. वय बाबांच्या आसपास असेल. चेहरा अगदी साधा, बाजारात दिसला असता तर लक्षातही राहिला नसता.

"टाकी साफ करायचीये का, मॅडम? बाहेर कुणी दिसलं नाही, म्हणून आत आलो."

आई वळली. तिच्या हातात काडेपेटी होती. "नको हो, मागच्याच महिन्यात केली," ती म्हणाली. मग त्याच्या पायांकडे बघून, "आणि चपला-बूट बाहेर काढावेत. आत देव आहेत."

"सॉरी, काकू," तो म्हणाला आणि सावकाश, घाई न करता बाहेर गेला. धुक्यात फाटकाची कडी वाजली. मी जिन्याच्या पायरीवर बसले. आईने फडकं आणून ठसे पुसले. कपाटातलं काही गेलं नव्हतं. कपाटाचं दार मात्र उघडं होतं, आणि आई ते कधी उघडं टाकत नाही.

सायरन का वाजला नाही, ते मी सकाळी स्टुलावर चढून बघितलं. तोरणामागे, दाराच्या फळीवर चुंबकाची जागा रिकामी होती. चुंबक चौकटीवरच्या डबीला चिकटपट्टीने बांधून ठेवलं होतं, वरून तोरणाची पानं नीट ओढून घेतली होती. दार उघडं असो वा बंद, अलार्मच्या हिशेबी ते बंदच होतं. इतके दिवस मी ज्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर वर कान झाकून बसत होते, त्याला काही अर्थ नव्हता.

"हे तू केलंस?" मी विचारलं.

"मग काय करू? रोज दिवा लावायचा आणि रोज गाव गोळा करायचं?"

"आई, तो माणूस तुझ्या पाठीमागून गेला."

"बाबांना सांगू नकोस. परवा टेम्पो उभा करतील दारात."

"दिवसातून तेवढा वेळ दार बंद ठेवलं तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमल्यासारखं. "दार उघडायचं नाही, तर घर कशाला बांधलं?"

मी बाबांना सांगितलं. सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. ते म्हणाले, महिनाअखेरीस तळेगाव. मी एवढंच म्हणाले की चांगला अलार्म बसवून बघते. कुणीही आपल्याला न कळता घरात आलं, तर मीच सामान बांधेन. शेवटी बाबांनी हो म्हटलं.

लोणावळ्यातल्या दुकानातून अलार्मवाला आला. बोलका माणूस होता. त्याने सोफ्यावर डबे मांडले. कॅमेरे, खोलीत हालचाल झाली की ओळखणारे सेन्सर, मोबाइलवरचं ॲप, गळ्यात घालायचं बटण.

"काकू, यातून मांजरसुद्धा सुटणार नाही. फक्त दार बंद पाहिजे."

"संध्याकाळी उघडं राहणार," आई म्हणाली.

"मग एवढी सिस्टिम कशाला लावताय? हार घाला नुसता दाराला."

आई उठून आत गेली. अनोळखी माणसाशी वाद घालणं मी शक्यतो टाळते, पण आता टाळून चालणार नव्हतं. मी विचारलं, दाराच्या आधी काही लावता येईल का? फाटकाजवळ? त्याने डोकं खाजवलं. दोन छोटे खांब लावता येतील, म्हणाला, त्यांच्यामधून न दिसणारा किरण जातो, तो कुणी ओलांडला की घरात बेल वाजेल. सायरन नाही, साधी बेल. बेडरूमचा सेन्सर वेगळा ठेवू, दार उघडं असलं तरी तो चालू राहील. आणि सायरन तुमच्या गळ्यातल्या बटणावर.

"पण मॅडम, बेल फक्त सांगणार. कुत्रं आलं की माणूस, ते तुम्ही बघायचं."

ऑफिसात मी कळवलं की संध्याकाळच्या त्या वेळी मला मीटिंग नको. कारण विचारलं, तेव्हा "घरचं" एवढंच लिहिलं. मग मागच्या शेतात जाऊन मावशींना सांगितलं, यापुढे भोंगा वाजला तर तो खराच असेल, तेव्हा माणसं पाठवा.

"येतील की. पर खोटा वाजला, तर समद्यांना चा पाजावा लागंल."

पहिल्याच संध्याकाळी धुकं इतकं दाट होतं की पायरीपुढचं काही दिसत नव्हतं. आईने मागचं दार लावलं, पुढचं उघडलं आणि देवघरात बसली. मी पहिल्यांदाच ठरवून त्या वेळी खाली, दाराच्या आत उभी होते. बेल वाजली.

मी मोबाइल उघडला. कॅमेऱ्यात सगळं पांढरं होतं. दुसऱ्या कॅमेऱ्यातही पांढरं. बाहेर खडीवर पावलं वाजत होती, एक सावकाश, मग एक. माझा अंगठा गळ्यातल्या बटणावर होता. दाबलं आणि काही नसलं, तर पुढच्या वेळी ताटावरून कुणी उठणार नाही. नाही दाबलं, तर आई पुन्हा पाठमोरी बसली होती.

"कोण आहे?"

धुक्यातून उत्तर आलं नाही. पावलं मात्र जवळ आली.

"कोण आहे? तिथेच थांबा!"

तो आवाज माझाच होता, पण मला तो ओळखीचा वाटला नाही. देवघरातलं पुटपुटणं थांबलं. पावलंही थांबली.

"आगं मी हाय, मी. हातात दुधाची किटली, डोक्यावर इरलं. इरल्यात ऐकू कुठं येतंय?" धुक्यातून आधी किटली दिसली, मग मावशी. त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होत्या. "एवढा आवाज हाय तुला, मग भोंगा कशाला बशिवला?"

"चपला बाहेर काढा हो," आतून आई म्हणाली. "लादी आत्ताच पुसलीये."

मावशी दूध घालून परत निघाल्या, तेव्हा बेल पुन्हा वाजली. फाटकाची कडी लागल्याचं ऐकू येईपर्यंत मी दारातून हलले नाही. मग मोबाइल थरथरला. बाबांचा फोन होता; त्यांच्या ॲपवरही बेल गेली होती.

"कोण आलं होतं?"

"दूधवाल्या मावशी."

"कॅमेऱ्यात तर काहीच दिसत नाही. तुला कसं कळलं?"

"मी विचारलं."

पलीकडे समुद्राकडचा वारा फोनमध्ये फडफडत होता.

"बरं," ते म्हणाले. "उद्याही विचार."