विहाराच्या हॉलमधला बॅलन्स

आमच्यात काही घडलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या चार आवृत्त्या निघतात. परभणीत, त्यातून पेन्शनर लोकांत, याला इलाज नाही. म्हणून मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझा जन्म तहसिलीत गेला. कुणी सरळ बोललं की मला आधी संशय येतो.

तर आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये स्नेहा नावाची एक फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हाताऱ्यांना नाच शिकवते. रोज सकाळी, गाणी लावून, आणि तेही फुकट. या फुकटनेच सगळा घोळ केला.

*

पहिल्या दिवशी तिने समजावून सांगितलं. नाचलं की पायात जोर येतो, पडायची भीती कमी होते, झोप लागते, मन रमतं. आम्ही भिंतीला टेकून गुपचूप ऐकलं.

मागे एक टाय लावलेला माणूस असाच आला होता. त्याने सगळ्यांचे तळपाय फुकट चोळून दिले आणि शेवटी टेम्पोतून चुंबकाच्या गाद्या उतरवल्या. तेव्हापासून फुकट म्हटलं की आमचे लोक आधी टेम्पो कुठे उभाय ते बघतात.

क्लास संपला तशा रुक्मिणबाई उठल्या. त्या पेडगावच्या, जन्मभर शेतात राबलेल्या, आता इथे धाकट्या लेकाकडे राहतात. त्यांनी स्नेहाला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाई, गादी कवा आणतीस?"

कसली गादी, ते स्नेहाला कळेना. रुक्मिणबाईंना वाटलं, पोरगी लय पोचलेली आहे. तेव्हापासून रोज क्लास संपला की त्या हा प्रश्न विचारायच्या आणि मगच चपला घालायच्या.

*

देशमुख काका आत येतच नसत. राणीसावरगावला त्यांची मोठी जमीन. माणूस खानदानी, नाचणार कसा? ते हॉलच्या बाहेर उभे राहायचे. आत काय चालायलंय त्यावर कुणाची तरी नजर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

खिडकी उंच, त्यामुळे आतून फक्त त्यांची टोपी दिसायची. आठवडाभर टोपी जागची हलली नाही. मग एका सकाळी गाणं सुरू झालं आणि टोपी खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, थांबली, आणि परत आली. अगदी ठेक्यात!

बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "मुंग्या चावायल्या होत्या."

*

मग तो बॅलन्सचा दिवस आला. स्नेहा म्हणाली, "आज सगळ्यांचा बॅलन्स बघू या."

वाघमारे गुरुजींनी शर्टाच्या खिशातल्या मोबाइलवर हात दाबला. "बॅलन्स कुणालाच सांगायचा न्हाई. बँकेचा तसा मेसेज हाय," ते म्हणाले. मीही मान डोलावली. आज बॅलन्स विचारतील, उद्या ओटीपी.

स्नेहा हसत हसत एका पायावर उभी राहिली. गुरुजी म्हणाले, मग सरळ तोल म्हणा की. पण त्यांची पाळी आली तेव्हा त्यांचा पाय जमिनीवरून सुटेना. त्यांनी खिडकीचा गज धरला तो सोडलाच नाही. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

*

गुरुजींचं दुखणं वेगळंच होतं. बायको गेल्यापासून ते एकटे राहतात. हिवाळ्यात न्हाणीघरात पडले, ते कॉलनीत फक्त मला माहीत होतं. मुलगा मिलिंद पुण्यात असतो. अजून एकदा पडलात तर घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाईन, असं तो बजावून गेला होता. गुरुजींना पुण्याचं नाव काढलं तरी धडकी भरायची. तिथे बाराव्या मजल्यावर दिवसभर कुणाशी बोलायचं, म्हणायचे.

आणि एक दिवस मिलिंदचा फोन आला. "बाबा, बॅलन्स कसा आहे?"

हा शब्द पुण्यात पोचला कसा? मी लगेच छडा लावला. स्नेहा आणि मिलिंद एकाच शाळेतले! मी गुरुजींना सांगितलं की पोरगी खबरी आहे. गुरुजींनी दाराला आतून कडी लावली आणि क्लासला यायचं बंद केलं. स्नेहा दोनदा घरी जाऊन आली, पण दार काही उघडलं नाही.

शेवटी रुक्मिणबाई गेल्या आणि दाराबाहेरूनच बोलल्या. "गुरुजी, ती खबर द्यायलीय ना? मग चांगली खबर जाऊ द्या की. आत बसून कसली खबर जायलीय तिकडं?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये हजर होते. मग दुधाच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, जिथे बघावं तिथे ते एक पाय उचलून उभे. लोकांना वाटलं, गुरुजींनी नवस बोललाय.

*

उन्हाळ्यात मिलिंद न सांगता आला. घरी कुणी नव्हतं, तेव्हा त्याने आपल्या किल्लीने दार उघडून बॅग भरली आणि गाडी हॉलशी आणली. मागच्या सीटवर गुरुजींची भरलेली बॅग आम्हाला दारातूनच दिसली. स्नेहाने गाणं बंद केलं. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. पुण्याला खबर मीच देतो असा तिचा माझ्यावर संशय होता, हे मला तेव्हा कळलं.

मिलिंद बूट काढून आत आला. "बाबा, खरं सांगा. बॅलन्स कसा आहे?"

गुरुजींनी स्नेहाला गाणं लावायला सांगितलं. मग हाताची घडी घातली आणि डावा पाय उचलला. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. खिडकीतली टोपीसुद्धा हलायची थांबली. दुसरं कडवं संपल्यावर गुरुजींनी पाय सावकाश खाली ठेवला.

"आता तुझा दाखव," ते म्हणाले.

मिलिंद हसला. त्याने पाय उचलला आणि लगेच झोकांडी खाल्ली. हाताला आला तो बापाचा खांदा त्याने गच्च धरला. गुरुजी जागचे हलले नाहीत.

रुक्मिणबाई स्नेहाकडे वळल्या. "बाई, ह्याला लागंल बघ गादी."