हद्दीबाहेरचा हात

आमच्या साडूंइतका हद्दीला पक्का माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. असलाच तर तो त्यांच्या भिंतीला लागून राहत असेल आणि दोघांचा दावा कोर्टात चालू असेल. उभी हयात त्यांनी मोजणी खात्यात काढली. लोकांची शेतं, लोकांचे प्लॉट आणि लोकांची भांडणं मोजता मोजता केस पांढरे झाले. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने शाल, नारळ आणि गणपतीची मूर्ती दिली, पण साडूंनी आपणहून बरोबर आणली ती पोलादी टेप. ती आजही त्यांच्या पँटच्या खिशात असते. विश्रांतवाडीला आमचे फ्लॅट समोरासमोर आहेत, त्यामुळे त्या टेपचा लाभ सगळ्यांत जास्त मला झालेला आहे. माझ्या स्कूटरचं चाक पांढऱ्या रेघेबाहेर बोटभर गेलं की बेल वाजते. बाहेर साडू उभे. चेहऱ्यावर राग नाही, नुसती वस्तुस्थिती. शेजारच्या सोसायटीच्या गुलमोहराची फांदी आमच्या आवारात येते, तर तिची पडलेली फुलं हा गृहस्थ गोळा करून भिंतीवरून परत टाकतो. एकदा तिकडच्या एका बाईंच्या डोक्यात ती पडली. त्या ओरडल्या, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "आपलाच माल आहे, मोजून घ्या." आमच्याकडे जेवायला आले की ताटाखाली पाट असा सरकवतील, जणू काही पानाचा सात-बारा त्यांच्या नावावर चढणार आहे.

असा हा माणूस सिगरेट ओढायचा. नुसता ओढायचा नाही, भरपूर ओढायचा. लग्नाच्या वेळी ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, एकच शब्द मागून घेतला होता, की घरात सिगरेट ओढायची नाही. साडूंनी तो शब्द जन्मभर पाळला, मात्र मोजणी खात्याच्या पद्धतीने. हॉलच्या खिडकीशी खुर्ची आडवी लावायची, उजवा हात कोपरापर्यंत गजांतून बाहेर काढायचा आणि त्या हातात सिगरेट धरायची. झुरका घ्यायचा झाला की ओठ गजांना लावायचे, धूर बाहेर सोडायचा आणि पुन्हा मागे टेकून पेपर वाचायचा. मी एकदा हटकलं, तर मला खुर्चीत बसवून समजावून सांगितलं, "गजापाशी आपली हद्द संपते. सिगरेट हद्दीबाहेर आहे, मी हद्दीत आहे. आता शब्द कुठे मोडला ते दाखवा." वारा मात्र मोजणी खात्यात नव्हता. सोडलेला धूर दोन फूट बाहेर जाऊन निवांतपणे घरात परत यायचा, पडद्यांत शिरायचा, ताईंच्या पदरात शिरायचा. वर्षानुवर्षं उन्हात राहून साडूंचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच रापला होता. पावसाळ्यात तो हात भिजायचा आणि ताई खुर्चीवर टॉवेल ठेवून जायच्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा त्यांच्या मोगऱ्यावर पडलेली राख पुडीत बांधून वर आणून दिली, म्हणाल्या, आपली वस्तू आमच्या हद्दीत आली होती. साडूंनी ती पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांना चहा विचारला. मुद्दा बिनतोड होता ना.

मग कोरोना आला आणि सगळा देश एकाएकी अंतर मोजायला लागला. इतरांची पाचावर धारण बसलेली, पण साडूंची कळी खुलली. इतकी वर्षं ज्याला लोक हसले तो माणूस आता सोसायटीचा आधार झाला. डेअरीपुढची खडूची वर्तुळं त्यांनी टेप लावून आखली, आणि एकेक वर्तुळ असं की परकारानेही मान खाली घालावी. रांगेत कुणाची चप्पल रेघेवर आली की साडू नुसते तिच्याकडे बघायचे, माणूस आपोआप मागे सरकायचा. अध्यक्षांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. त्या आठवड्यात ते इतके खूश होते, की माझ्या स्कूटरकडेही त्यांनी काणाडोळा केला.

पण टपऱ्या बंद झाल्या त्याचं काय? घरात होता तो साठा साडूंनी आधी पुरवून पुरवून वापरला. ताईंच्या शिवणाच्या कात्रीने एका सिगरेटचे तीन तुकडे करायचे आणि तुकडा बोटांत मावेनासा झाला की ताईंच्याच केसांच्या आकड्यात धरायचा. गजाबाहेर गेलेल्या त्या रापलेल्या हातातला आकडा बघून खालच्या बाईंना वाटलं, हे आता मासे धरतात की काय. साठा संपल्यावर मात्र त्यांचं मन थाऱ्यावर राहिना. सकाळची खोकल्याची उबळ तर वर्षानुवर्षांची. तिच्यावर आम्ही घड्याळ लावायचो. आता तीच उबळ आली की सगळ्या जिन्यातल्या खिडक्या धडाधड लागायच्या. साडूंना ते फार लागलं. ते पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्या गाडीत बसायला लागले, काचा वर करून, खोकून झालं की वर यायचे. वर येताना कुणी भेटलं तर म्हणायचे, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करून आलो.

एक दिवस ते ताईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळ्या, मग पुन्हा. पुराव्याला खिशात एक रिकामी स्ट्रिप ठेवलेली असे. येरवड्याच्या रस्त्यावर नाक्यावरच्या हवालदाराने एकदा पकडलं आणि विचारलं, काका, तुमच्या घराखालीच औषधांचं दुकान आहे, मग एवढ्या लांब कशाला? हद्दीबद्दल कधी निरुत्तर न झालेल्या माणसाने रिकामी स्ट्रिप पुढे केली. त्यांच्या हातात पाटी दिली गेली, 'मी विनाकारण फिरतो', आणि पाटीसकट फोटो काढला गेला. तो फोटो त्यांच्याआधी घरी पोचला, सोसायटीच्या ग्रुपवर. वर्तुळं आखणारा माणूस म्हणून खाली कुणीतरी हसणारे चेहरेही टाकले होते. साडू जिना चढून आले ते भिंतीला धरून. ताईंनी फोन लांब धरून फोटो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "मास्क तेवढा सरळ आहे." बस्स, एवढंच. त्यांच्या गोळ्यांचा डबा भरलेला होता, हे त्यांना काय माहीत नव्हतं?

एवढं होऊनही ते जायचे थांबले नाहीत; फक्त रस्ता बदलला. मला कळलं ते त्यांच्याच तोंडून. आम्ही तेव्हा आपापल्या दारात उभं राहून गप्पा मारायचो, मध्ये जिना. बंद टपरीच्या मागच्या बोळात टपरीवाला दिवसाला दोन-चारच सिगरेटी द्यायचा आणि जुनी गिऱ्हाइकं जमायची पाच-सहा. मग एक सिगरेट सगळ्यांत. साडूंनी तिथेही खडूने वर्तुळं आखून दिली होती. प्रत्येकाने आपल्या वर्तुळात उभं राहायचं, मास्क हनुवटीखाली घ्यायचा, दोन झुरके मारायचे आणि हात लांब करून पुढच्या वर्तुळातल्याला सिगरेट द्यायची. "पाय कुणाचा बाहेर नाही," साडू अभिमानाने म्हणाले, "हवं तर टेप लावा." मला हसू आवरेना. एकच सिगरेट सहा तोंडांतून फिरते आहे आणि हा बाबा पाय मोजतो आहे. माझी बायको मागे उभी होती. ती हसली नाही, तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर ताईंना ताप आला. तो हटेना, धाप लागायला लागली, तेव्हा ॲम्ब्युलन्स आली. अंगभर पांढरे झगे घातलेली दोन माणसं त्यांना खाली घेऊन गेली. साडूंना जिन्यातच थांबवलं. त्यांचीही तपासणी झाली, तेही बाधित निघाले, पण त्यांना काही होत नव्हतं. नेहमीचा खोकला, तोसुद्धा नेहमीएवढाच. बोळातला एक वर्तुळवाला आधीच दवाखान्यात होता, हे नंतर कळलं. साडूंना घरातच राहायला सांगितलं. मी दाराबाहेरच्या स्टुलावर डबा ठेवायचो, बेल दाबून मागे सरायचो आणि ते दार किलकिलं करून डबा आत घ्यायचे. बरेचदा डबा तसाच परत यायचा. ताईंना ऑक्सिजन लावल्याचा फोन आला त्या दुपारी दार उघडलंच नाही. मी बेल वाजवली, हाक मारली. मग दारामागून आवाज आला. ते दाराला पाठ लावून जमिनीवर बसले असावेत, कारण आवाज खालून येत होता.

"मी आणलं हो हे घरात."

मी म्हणालो, असं कसं म्हणता, कुठूनही आलं असेल, दुधाच्या पिशवीवरून आलं असेल. हे बोलताना माझं मलाच पटत नव्हतं.

"दुधाच्या पिशवीला नावं ठेवू नका," ते म्हणाले. "जन्मभर लोकांच्या हद्दी दाखवत हिंडलो. तिने एक रेघ मारून दिली होती, ती मी खिडकीच्या गजावर नेऊन ठेवली आणि वर तिलाच शिकवलं. आता कुठल्या तोंडाने विचारू, कशी आहेस म्हणून?"

हा माणूस रडतो हे मला माहीत नव्हतं. मी तसाच जिन्यात उभा राहिलो. डबा गार झाला.

ताई आल्या परत. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, वाळून काडी झाल्या होत्या पण स्वतःच्या पायांनी जिना चढल्या. साडूंनी त्या दिवसापासून आजपर्यंत सिगरेटला हात लावलेला नाही. पण त्याची वाच्यता कुणाशी केली नाही. त्यांचा बेत मला ओळखू येत होता. काही दिवस जातील, एक दिवस ताई मान वर करून वास घेतील आणि आपणहून म्हणतील, अहो, आज धुराचा वास नाही घरात. त्या वेळी काय बोलायचं हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेलं असणार. ते वाट बघत राहिले. ताई काहीच म्हणेनात. आणि एका सकाळी ओट्यावर दूध करपून काळं झालं, सगळा जिना त्या वासाने भरला, आम्ही धावत गेलो, तर ताई पातेल्यापासून हातभर अंतरावर भाजी निवडत बसलेल्या. तेव्हा कळलं की त्यांचा वास गेलाय. बाकी सगळं परत आलं, तेवढं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीही येणार. आज इतकी वर्षं झाली, मोगरा असो की फिनेल, ताईंना सगळं सारखंच.

साडूंचं उलट झालं. सिगरेट सुटली आणि इतक्या वर्षांनी त्यांचं नाक जागं झालं. जागं झाल्यावर त्यांना पहिला वास आला तो स्वतःच्याच घराचा. पडदे, गाद्या, सोफ्याची खोळ, कपाट उघडलं की ताईंच्या साड्या. ज्या घरात आपण कधी सिगरेट ओढली नाही असं ते छातीठोकपणे सांगायचे, त्या घराच्या कानाकोपऱ्यातून त्यांची सिगरेट निघायला लागली. तेव्हापासून हा माणूस धूत सुटला आहे. पडदे धुतले, पुन्हा धुतले, शेवटी बदलले. भिंतींना रंग दिला. पुस्तकं गच्चीत उन्हाला घातली, त्यांचीही रांग टेपने लावली. ताई स्वयंपाक करताना म्हणतात, अहो, दूध लागलं नसेल ना बघा, आणि हे पेपर टाकून धावतात, पातेल्यावर वाकतात, डाळीच्या फोडणीला नाक लावतात, ताईंना सांगतात की हिंग चांगला पडलाय. खिडकीतली खुर्ची गेली. साडू आता सोफ्यावर बसतात, दोन्ही हात मांडीवर, आणि उजव्या हाताचं काय करायचं ते त्यांना अजून कळलेलं नाही.

ताईंना मी एकदा विचारलं. साडू भाजी आणायला गेले होते. म्हटलं, ताई, त्यांनी सिगरेट सोडलीय, तुम्हाला वासावरून कळणार नाही म्हणून सांगतो. ताई शेंगा सोलत होत्या.

"मी घरी आले त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात घरात होते."

मग त्यांना सांगत का नाही, असं मी म्हणालो. ताई म्हणाल्या, सांगितलं तर ते माफी मागायला लागतील, आणि ते मला बघवणार नाही. धुवू देत त्यांना, धुताना बरं वाटतं त्यांना. मी उगीच शेंगा सोलायला घेतल्या.

परवा गच्चीत गेलो होतो. साडू दोरीपाशी उभे, हातात ताईंची जुनी लोकरीची शाल, बहुतेक लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत घेतलेली. किती वेळा धुतली असेल कोण जाणे, रंग पार उडाला होता. मला बघून त्यांनी ती माझ्या नाकाशी आणली. "खरं सांगा," म्हणाले.

मी चांगला श्वास घेऊन वास घेतला. साबण होता आणि ऊन होतं. दुसरं काही नव्हतं. मी म्हणालो, नाही येत हो, अजिबात नाही.

त्यांनी शाल परत घेतली, स्वतःच्या नाकाशी धरली आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. "येतो," म्हणाले, आणि शाल पुन्हा बादलीत टाकली.